‘फार चाललेली नाही’: मुंबईत जुनी पोर्शे बॉक्स्टर घेताना

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असते: ‘गाडी फार चाललेली नाही.’ दिवाळीनंतरचे चार महिने मी मुंबईत पोर्शे बॉक्स्टर शोधत होतो, तेव्हा तीन गाड्या बारकाईने पाहिल्या आणि त्यांतल्या दोघींच्या बाबतीत मला पहिल्यांदा हेच सांगण्यात आले. त्या दोन्ही मी सोडल्या. तिसरी, म्हणजे तिघींत सर्वांत जास्त किलोमीटर दाखवणारी गाडी मी घेतली आणि एक संपूर्ण पावसाळा वापरल्यानंतर हे परीक्षण लिहितो आहे. माझे मत असे झाले आहे की या शहरात गाडी किती चालली याच्या आधी ती कुठे उभी होती, किती काळ उभी होती आणि उभी असताना तिच्याकडे कोणी पाहत होते का, हे तपासले पाहिजे. दमट हवा, खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि तळघरातले पार्किंग या चार गोष्टी उभ्या गाडीला जेवढ्या झिजवतात, तेवढी ती रस्त्यावर झिजत नाही.

आधी गाडीविषयी. मी पाहत होतो ती बॉक्स्टरची ९८७ ही पिढी, म्हणजे साधारण २००५ ते २०१२ या काळातली. दोन आसने, कापडी टप, आसनांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले सहा सिलिंडरचे आडवे इंजिन, आणि त्यामुळे पुढे एक व मागे एक अशा दोन डिक्क्या. २००७च्या मॉडेलपासून २.७ लिटरचे इंजिन २४५ अश्वशक्ती देते. त्याच काळातल्या ‘एस’ या जास्त ताकदीच्या प्रकारात ३.४ लिटरचे, २९५ अश्वशक्तीचे इंजिन आहे. २००९च्या मॉडेलपासून इंजिने पूर्णपणे नवी आली, साध्या बॉक्स्टरला २.९ लिटरचे, आणि जुन्या ऑटोमॅटिकची जागा दोन क्लचच्या पीडीके गिअरबॉक्सने घेतली. अंदाजपत्रकात बसत असेल तर २००९ नंतरचीच घ्यावी, असे मी निःसंकोच सांगेन. ते का, हे इंजिनाच्या भागात येईल. माझ्या अंदाजपत्रकात ती बसत नव्हती. माझी गाडी २००७ची, २.७ लिटरची आणि पाच गिअरच्या मॅन्युअलची आहे.

चालवायला ही गाडी अप्रतिम आहे, आणि त्याबद्दल मी हातचे राखून काही लिहिणार नाही. वजन चारही चाकांवर असे तोललेले आहे की वळणावर स्टिअरिंग फिरवताच गाडीचे नाक विनाविलंब वळते, आणि जुन्या पद्धतीच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमुळे रस्त्याचा पोत थेट तळहाताला कळतो. जुन्या महामार्गाने खोपोलीहून बोरघाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन चार हजार फेऱ्यांच्या पुढे जाते आणि मानेमागून त्याचा आवाज येतो, त्या वेळी आपण एवढी तपासणी कशासाठी केली ते समजते.

पहिली गाडी अंधेरीतल्या एका टॉवरमध्ये होती. पांढरी, मीटरवर १२,८०० किलोमीटर, बाहेरून आरशासारखी. ती यांत्रिक पार्किंगच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, जमिनीखालच्या खड्ड्यात उभी असे, कारण गाडी बुटकी असल्याने तो कप्पा तिला ‘बरोबर बसत होता’. मी ज्या मिस्त्रींना बरोबर नेले होते, ते चेंबूरला छोटे गॅरेज चालवतात आणि जर्मन गाड्यांवरच काम करतात. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी दार उघडून ते आत वाकले, खोल श्वास घेतला आणि मग सीटबेल्ट सावकाश शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा दोन हात पट्टा स्वच्छ काळा होता. त्याच्या पुढे, एरवी गुंडाळीच्या आत राहणाऱ्या भागावर, मातकट रंगाची आडवी रेघ उमटलेली होती. त्यांनी ती नखाने खरवडली तेव्हा बारीक पूड पडली. “साहेब, गालिचा बदलतात, पट्टा कोणी बदलत नाही,” एवढेच ते म्हणाले. मग सीट मागे सरकवून त्यांनी ती धरून ठेवणारे बोल्ट दाखवले. त्यांच्या डोक्यांवर गंजाचा नारिंगी थर होता. तेरा हजार किलोमीटरही न चाललेल्या गाडीच्या आतले बोल्ट गंजण्याचे दुसरे कारण मला सुचेना.

मुंबईत गाडी पाण्यात गेली होती का, हा प्रश्न आधी विचारावा आणि मालकाच्या उत्तरावर थांबू नये. सीटबेल्टची गुंडाळी, सीटचे बोल्ट, पुढच्या डिक्कीतल्या गालिच्याखालचे कोपरे, दारांच्या खालच्या कडेची रबरे आणि हेडलाइटच्या आतल्या बाजूला सुकलेल्या थेंबांचे डाग या जागा साफसफाईतून सुटतात. कागदांतही खूण सापडते. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात शहराचे अनेक सखल भाग बुडाले होते. गाडी तेव्हा मुंबईत असेल, तर त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधली बिले आणि विम्याचे दावे मुद्दाम मागावेत. स्पोर्ट्‌स कारचे इंजिन, एक्झॉस्ट आणि वायरिंग जमिनीच्या फार जवळ असते. शेजारच्या उंच गाडीची केवळ चाके भिजतील एवढ्या पाण्यात बॉक्स्टरच्या आतला गालिचा भिजतो.

या गाडीत पाणी वरूनही शिरू शकते. टपाच्या मागच्या कडेला जमणारे पावसाचे पाणी बारीक नळ्यांतून खाली सोडलेले असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या नळ्या पानांच्या चुऱ्याने तुंबतात आणि मग पाणी वाट काढून आसनांच्या मागे उतरते. बाहेरून काहीही दिसत नाही. तपासण्याचा साधा उपाय म्हणजे टप अर्धा उघडून मागच्या कोपऱ्यांतल्या तोंडांत बाटलीभर पाणी हळूहळू ओतावे आणि खाली, मागच्या चाकांच्या पुढे, ते जमिनीवर पडते का ते पाहावे. विकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, तरी करावे. टप एकदा पूर्ण उघडून आणि एकदा पूर्ण बंद करून पाहावा. त्याला सुमारे बारा सेकंद लागतात. एक बाजू दुसरीच्या मागे राहत असेल, कटकट आवाज येत असेल, तर आतल्या केबल किंवा प्लॅस्टिकचे सांधे झिजले आहेत. बंद स्थितीत काचेच्या आणि कापडाच्या जोडावर बोट फिरवावे, कारण मागची काच कापडापासून सुटू लागली तर ती वेगळी दुरुस्त होणे कठीण असते.

उभ्या गाडीची इतर लक्षणे थोडक्यात सांगतो. टायरवर चार अंकी शिक्का असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचे रबर बदलायचेच, असे धरून चालावे. अठरा इंची चाकांवर पुढे २३५ आणि मागे २६५ रुंदीचे टायर लागतात. ते पुढे-मागे बदलून लावता येत नाहीत आणि आपल्या नेहमीच्या दुकानात तयार मिळतील असेही नाही. या गाडीत स्टेपनी नसते. पंक्चर भरण्याचे द्रव आणि छोटा पंप असतो, आणि ते द्रवही मुदत संपलेले निघते. ब्रेकच्या चकत्यांवर नुसता तांबूस थर असेल तर तो पहिल्या दोन-चार ब्रेकला निघून जातो, मात्र कडेला गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर चकत्या गेल्या. बॅटरी पुढच्या डिक्कीत असते आणि डिक्कीची कडी विजेवर चालते. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली की डिक्की उघडत नाही, आणि पायाजवळच्या फ्यूजच्या पेटीतून बाहेरून वीज द्यावी लागते. विकणारा ही युक्ती सराईतपणे करून दाखवू लागला, तर गाडी किती वेळा बंद पडून राहिली असेल याचा अंदाज बांधावा.

पेट्रोलचा मुद्दा आता वेगळ्या गांभीर्याने घ्यावा लागतो. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल मिळते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होऊन पुन्हा भरत राहते; महिनोन्‌महिने मुंबईच्या दमट हवेत उभ्या गाडीत तसे होत नाही. त्यात या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्या इंधनासाठी बनवलेले नाहीत. गाडी लिफ्टवर असताना पेट्रोलच्या पाइपांचे सांधे हाताने चाचपून पाहावेत, रबर कडक झाले आहे का, त्यावर भेगा आहेत का, ओल किंवा पेट्रोलचा वास येतो का, आणि गाडी घेतल्यावर ते पाइप पहिल्याच सर्व्हिसमध्ये बदलून घ्यावेत. मी तसेच केले.

दुसरी गाडी लाल होती, दलालामार्फत आलेली, आणि मीटरवर २१,४०० किलोमीटर. बाहेरून तिच्यात काही खोट दिसत नव्हती. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिस्त्रींनी प्रत्येक पत्र्यावर टेकवले. एका दारावर आकडा इतर ठिकाणांच्या दुप्पट आला, म्हणजे ते दार पुन्हा रंगवलेले होते, पण तिपटी-चौपटीने वाढला असता तर खाली लांबी, म्हणजे पोचे बुजवण्याची पुट्टी, भरलेली आहे असा अर्थ झाला असता. एका दाराचा रंग मला क्षम्य वाटला. खटकली ती ड्रायव्हरच्या आसनाची बाहेरची कड, जिथे उतरता-चढताना मांडी घासते. तिथले कातडे झिजून पांढुरके झाले होते, क्लचच्या पॅडलवरचे रबर एका बाजूने गुळगुळीत झाले होते, आणि स्टिअरिंगचे कातडे डाव्या हाताच्या जागी तुकतुकीत होते. एकवीस हजारांत एवढे होत नाही.

मिस्त्रींनी लॅपटॉप जोडला. या गाडीचा इंजिन कंट्रोल युनिट आपण एकूण किती तास चाललो याची नोंद ठेवतो, आणि ती नोंद डॅशबोर्डवरच्या मीटरपेक्षा वेगळ्या ठिकाणी असते. पडद्यावर २,३१० तास आले. एका जुन्या बिलाच्या पाठीवर त्यांनी २१,४०० ला २,३१० ने भागले आणि कागद माझ्याकडे सरकवला: ताशी सव्वानऊ किलोमीटर. मुंबईच्या वाहतुकीत हौसेची, रविवारी-सकाळी काढली जाणारी गाडी सरासरी पंचवीसच्या आसपास पडते, असा त्यांचा अनुभव. त्या हिशेबाने ही गाडी साठ हजारांच्या घरात चाललेली असावी. वाईट वाटले ते वेगळ्याच कारणासाठी: साठ हजार चाललेली, व्यवस्थित सर्व्हिस केलेली बॉक्स्टर मी आनंदाने घेतली असती, कोणीतरी तिचा खरा इतिहास पुसून टाकला होता आणि त्याबरोबर तिच्यावरचा विश्वासही. हे भागाकाराचे गणित प्रत्येकाने करावे. त्यासाठी पोर्शे वाचू शकणारा स्कॅनर लागतो. साधा, सर्व गाड्यांना चालणारा स्कॅनर ही माहिती देत नाही.

तोच स्कॅनर आणखी एक गोष्ट दाखवतो. इंजिन त्याच्या मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले, त्याची नोंद ९८७मध्ये सहा पातळ्यांत साठवलेली असते, आणि शेवटची घटना कितव्या तासाला घडली तेही दिसते. खालच्या दोन पातळ्यांतल्या नोंदी म्हणजे कोणीतरी गाडी जोरात चालवली, आणि त्यासाठीच ती बनवलेली आहे. वरच्या तीन पातळ्यांत, विशेषतः अलीकडच्या तासांत, नोंदी असतील तर मॅन्युअल गाडीत वेगात असताना चुकून खालचा गिअर पडला आहे, आणि अशा गाडीचे इंजिन आतून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता इंजिन. जुन्या बॉक्स्टरविषयी वाचू लागले की ‘आयएमएस बेअरिंग’ हे शब्द सगळीकडे भेटतात. क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टकडे गती नेणारा मधला दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो, ते हे. ते तुटले तर धातूचे कण सगळ्या इंजिनात पसरतात आणि इंजिन निकामी होते. अमेरिकेत या प्रश्नावरून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २००१ ते २००५ या काळात बनलेल्या गाड्यांबाबत तडजोड झाली. २००६च्या सुमारास कारखान्याने मोठे बेअरिंग वापरायला सुरुवात केली. ते क्वचितच तुटते, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते बदलताही येत नाही. २००९च्या नव्या इंजिनांत हा दांडाच नाही. म्हणूनच वर मी २००९ नंतरची गाडी सुचवली. २००५ची गाडी पाहत असाल तर कोणते बेअरिंग आहे, ते बदलले का आणि त्याचे बिल आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय गाडी पाहायलाही जाऊ नये.

येथेही माझा मूळ मुद्दा परत येतो. या इंजिनांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे मत असे आहे की क्वचित चालणाऱ्या, थंड इंजिनावर दोन किलोमीटर जाऊन परत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे बेअरिंग लवकर जाते, कारण तेल पुरेसे तापत नाही, त्यात पाणी साठते आणि ते खराब होते. ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू करून ठेवतो’ हे वाक्य मला दोन मालकांनी अभिमानाने ऐकवले. अशा पाच मिनिटांनी गाडीचे नुकसानच होते. तेल दरवर्षी बदलल्याची बिले मागावीत, किलोमीटर कितीही कमी असोत. आणि शक्य असेल तर जुना ऑइल फिल्टर तुमच्यासमोर कापून, त्याची घडी उलगडून, उजेडात धरून पाहावी. माझ्या गाडीचा फिल्टर मिस्त्रींनी ट्यूबलाइटखाली धरला तेव्हा काळ्या तेलाखेरीज त्यात काही चमकले नाही. त्या क्षणी मी मनातल्या मनात सौदा पक्का केला.

दुसरा आजार सिलिंडरच्या भिंतींवर चरे पडण्याचा. तो मोठ्या इंजिनांत, म्हणजे ३.४ लिटरच्या ‘एस’मध्ये जास्त आणि २.७मध्ये कमी आढळतो, आणि ‘एस’ऐवजी साधी बॉक्स्टर निवडण्यामागे माझे हे एक मोठे कारण होते. पूर्ण थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला लावावे. त्यासाठी सकाळी लवकर जावे आणि पोचल्यावर आधी मागच्या भागावर हात ठेवून ते खरोखर थंड आहे याची खात्री करावी. गरम झाल्यावरही लयीत येणारी टक-टक, एक्झॉस्टच्या टोकाला तेलकट काजळी आणि तेलाचा वाढलेला खप ही लक्षणे असतील, तर स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून भिंती पाहून घ्याव्यात. सुरू होताना पांढऱ्या धुराचा एखादा पुंजका येणे आडव्या इंजिनात नवीन नाही. धूर येतच राहिला तर तेल आणि हवा वेगळे करणारा भाग फाटलेला असण्याची शक्यता असते. एक अडचण लक्षात ठेवावी: बॉनेट उघडून या गाडीचे इंजिन दिसत नाही. ते वरून झाकलेले आणि खालून बंदिस्त आहे. तेल आणि कूलंट भरण्याची तोंडे तेवढी मागच्या डिक्कीत आहेत. त्यामुळे लिफ्ट नसलेल्या ठिकाणी केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे.

तिसरी गाडी दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या एका जुन्या इमारतीत मिळाली. मालक सत्तरीचे, गाडीचे दुसरे धनी. मीटरवर ३८,६०० किलोमीटर, इंजिनाचे तास १,४९०. भागाकार जवळजवळ सव्वीस. त्यांनी चहा दिला, किल्ली दिली आणि एक लांबट वही माझ्यापुढे ठेवली. दर रविवारी पहाटे ते खोपोलीपर्यंत जाऊन परत येत असत आणि प्रत्येक फेरीची नोंद करीत: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, टायरमधली हवा. मे महिन्याच्या पानांवर दरवर्षी एक ओळ होती: ‘टपाच्या नळ्या साफ केल्या. पुढची पाने काढली.’ मी विचारले, “पुढची पाने म्हणजे?” त्यांनी मला खाली बसवून पुढच्या बंपरची दोन तोंडे दाखवली.

हा भाग मुंबईकरांनी लक्ष देऊन वाचावा. या गाडीचे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, त्या तोंडांच्या आत असतात. रस्त्यावरची सुकी पाने, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, सिगारेटची थोटके आत ओढली जातात आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत साठतात. पावसाळ्यात तो थर भिजतो, त्यात समुद्राकडून आलेले मीठ मिसळते, आणि ओल्या पोटिसासारखा तो अ‍ॅल्युमिनियमला चिकटून राहतो. दोन-तीन पावसाळ्यांत कंडेन्सरला भोक पडते आणि एसीचा गॅस निघून जातो. त्यानंतर पाळी रेडिएटरची. विकणारा ‘फक्त गॅस भरायचा आहे’ असे म्हणतो. टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसावे आणि आत पाहावे. तोंडांना जाळी बसवलेली असेल तर मालक जाणकार आहे. वरळी, वांद्रे, मरीन ड्राइव्ह अशा समुद्रालगतच्या भागात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या एक्झॉस्टचे बोल्ट आणि पट्टे वेगळे पाहावेत. ते गंजून जाम झालेले असले की साध्या कामालाही कापाकापी करावी लागते.

चाचणीसाठी विकणारे गाडी सागरी सेतूवर किंवा किनारी रस्त्यावर नेतात. तिथे प्रत्येक गाडी छान वाटते. मी गाडी मुद्दाम पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर, ताशी पंधरा-वीसने, काचा खाली करून नेली. पुढच्या लोअर आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश गेले असतील तर तिथे करकर ऐकू येते, शॉकअप गेले असतील तर ठक्‌ असा आवाज येतो. चाकांच्या आतल्या कडा खड्ड्यांनी वाकलेल्या असतात, त्याही लिफ्टवर चाक फिरवून पाहाव्यात.

कागदपत्रांना मी यंत्राइतकाच वेळ दिला. १५ वर्षांनी खाजगी गाडीची नोंदणी संपते आणि तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. २००७ची गाडी म्हणजे २०२२ मध्ये हे झालेले असायला हवे. झाले नसेल तर ती रक्कम आणि हेलपाटे तुमच्या वाट्याला येतात. आयात केलेल्या चारचाकीचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२पासून ४०,००० रुपये आहे आणि ऑगस्ट २०२५च्या बदलानंतर वीस वर्षांवरील अशा गाडीसाठी ते ८०,००० रुपये झाले. माझ्या गाडीच्या बाबतीत २०२७ साली मला हा आकडा पाहायचा आहे, म्हणून तो मी किमतीच्या बोलणीतच मांडला.

दिल्लीतल्या गाड्या इथे स्वस्तात येतात, कारण तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. गाडी वाईटच असेल असे नाही. पण नमुना २८चे ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा कर आणि नवा क्रमांक हे सगळे पूर्ण होऊन एमएच क्रमांक पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. कर्ज फिटले असले तरी आर.सी.वरचा बोजा उतरवलेला नसतो. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ हातात घ्यावा. मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या करताना तारखेची जागा कोरी ठेवू देऊ नये. थकलेली ई-चलने ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्याकडून भरून घ्यावीत. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सही करणाऱ्याला तसा अधिकार दिल्याचा ठराव मागावा. चॅसिस क्रमांक काचेखाली, आर.सी.वर आणि सर्व्हिस बुकातल्या चिकटपट्टीवर असा तीन ठिकाणी अक्षरशः जुळवावा. त्यातले दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते, २००७साठी ‘७’. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवस असतात. पाच वर्षांवरील गाडीचे विमा मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे पहिला सांगितलेला आकडा मुकाट्याने स्वीकारू नये.

तपासणीला दोन तास चाळीस मिनिटे लागली. मिस्त्रींनी छापील यादी वापरली नाही, पण प्रत्येक गोष्ट मला बोलावून दाखवली, जिथे खात्री नव्हती तिथे ‘हे उघडल्याशिवाय सांगता येणार नाही’ असे स्पष्ट सांगितले, आणि गाडी घ्या किंवा घेऊ नका, असे एकदाही म्हटले नाही. विकणाऱ्याकडून कमिशन न घेणारा असा माणूस शोधायला वेळ लागला तरी तो द्यावा. अशा तपासणीची फी देताना घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते.

घेतल्यापासून माझा खर्च असा झाला: पेट्रोलचे पाइप, कूलंटची तडा गेलेली टाकी, दोन इग्निशन कॉइल, चारही टायर. कॉइलचे प्लॅस्टिक तडकते आणि पावसाळी हवेत इंजिन मिसिंग करू लागते. ते जुलैत झाले, एका सकाळी दुरुस्त झाले. घेतानाच मी किमतीच्या पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढली होती आणि टायरमुळे ती जवळजवळ सगळी संपली. गालिचा पावसाळाभर कोरडा राहिला. रोजच्या कामासाठी मी ही गाडी वापरत नाही. पूर्व द्रुतगती महामार्गावरच्या संध्याकाळच्या कोंडीत क्लच दाबून डावा पाय भरून येतो, आणि आमच्या गल्लीतला एक गतिरोधक तिरकी घेतल्याशिवाय ओलांडता येत नाही. पुढच्या डाव्या आर्मचा बुश आता करकरू लागला आहे. तो दादरच्या गृहस्थांनी आधीच सांगितला होता, वहीतही होता. भाग मागवला आहे, तोवर रविवारची फेरी खोपोलीऐवजी पनवेलपर्यंत होते.